वहिनीची वर केलेली हनुवटी

आई,

देवळातून आलीस की आमटी तेवढी गरम कर. वहिनीला घेऊन मी नदीवर जाते.

दादानं पुण्याहून आणलेला चष्मा तिनं आज घातला. काचांमागे सोन्याची बारीक तार आहे, ती पडलेल्या पापण्या वर धरते. काय सांगू तुला! मान न उचलता तिनं समोरचा डोंगर पार शिखरापर्यंत पाहिला, आणि मी बाई तिच्याकडेच बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, तिच्या पापण्यांत जन्मापासूनच उघडायचं बळ नाही, म्हणून ती हनुवटी वर करून बघते. तू लग्नापासून त्याला माज म्हणत आलीस.

परत आल्यावर ती सरळ तुझ्या डोळ्यांत बघेल. तेव्हा नजर चुकवू नकोस.

वत्सला