भिंतीच्या आतलं नाव

३ फेब्रुवारी १९५३

किल्ली देत नाही म्हणे!

मेजरचं पत्र आलं. जाड कागद, वर घराण्याचं चिन्ह, खाली चार ओळी. पाकिटावर माझं नाव मुद्दाम गावठी स्पेलिंगने, आणि सहीत त्याचं स्वतःचं, तेच नाव, फ्रेंच स्पेलिंगने. मधली ओळ वाचून वाचून पाठ झाली – ‘भिंतीच्या आत आम्ही नाव बघून घेतो.’

बघा ना मग! माझंही तेच आहे.

किलब्रॅकच्या जुन्या दफनभूमीत पडक्या देवळाला लागून ती भिंत आहे, फाटकाला कुलूप आणि किल्ली मेजरकडे. आत फक्त मॅलरिक्स आडनावाचे. पंथांची फाटाफूट व्हायच्या आधीपासूनच्या कबरी, त्यामुळे मेजर प्रॉटेस्टंट आणि मी कॅथलिक हा प्रश्नच येत नाही. नावाचा माणूस आणि त्याची बायको आत, बाकी सगळे बाहेर. माझा बाप बाहेर पडलाय, काटेरी झुडपांत. जन्मभर मेजरच्या बापाचा चुना वाहिला त्याने. मी वेक्सफर्डच्या धक्क्यावर कोळशाची पोती वाहिली. आज माझी लाकडाची वखार आहे आणि आसपासच्या निम्म्या शवपेट्या माझ्या फळ्यांच्या होतात.

नॅन्स ईस्टर बघेल असं डॉक्टरला वाटत नाही. माझी बायको काट्यात जाणार नाही. भिंतीच्या आत जाईल!

४ फेब्रुवारी

मेजरला उत्तर लिहिलं. फाडलं – शिव्या फार झाल्या होत्या. दुसरं लिहिलं. तेही फाडलं – फारच कमी होत्या.

८ फेब्रुवारी, रविवार

आम्ही आमच्या चर्चमधून बाहेर पडत होतो, मेजर त्याच्या. चौकात गाठ पडली. काठी, कुत्रा, लाल नाक. सगळं गाव टोप्या हातात धरून कान देऊन उभं.

“मॅलरिक्स, पत्र मिळालं ना?”

“मिळालं, मेजरसाहेब. खाली सही कुणाची ते मात्र लागलं नाही. आमच्याकडे त्याला मॅलरिक्सच म्हणतात.”

“मॅलरू,” तो म्हणाला. “शेवटचा एक्स उच्चारायचा नसतो. सुशिक्षित माणूस तो गिळतो.”

“तुमच्या घराण्याने पुष्कळ काही गिळलंय. आमच्या वाट्याला एक एक्स राहिला, तेवढा तरी राहू द्या!”

लोक हसले. फादरसुद्धा खोकल्याच्या आड हसले. मेजर हसला नाही. आवाजही चढवला नाही त्याने.

“तुमच्या पणज्याला नावच नव्हतं. आमच्या कुळांच्या यादीत त्याला ‘मॅलरूचा माणूस’ म्हणून लिहीत. पुढे तुम्ही लोकांनी आमचं नाव घालायला काढलं, आमचे जुने कोट घालता तसं.”

यावर कुणी हसलं नाही. माझा बाप खरंच त्याच्या बापाचा कोट घालायचा. मेजरला ते ठाऊक होतं.

१० फेब्रुवारी

चौकातलं सगळं नॅन्सला सांगितलं, कोटाचं सोडून. उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, “मोगला बोलव.” मोग तिचा भाऊ, धक्क्यावर मासेमारी करतो. म्हटलं, मेजरला चोपायला त्याची गरज नाही, मी एकटा पुरेसा आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

१६ फेब्रुवारी

मास्तर सिनटकडे गेलो. चाळीस वर्षं शाळा घेतली, आता इथल्या नॉर्मन, म्हणजे जुन्या काळी फ्रेंच किनाऱ्यावरून आलेल्या, घराण्यांची टाचणं करत बसतात. घरात पुस्तकं खुर्च्यांवर आणि मांजर पुस्तकांवर. मी उभाच.

“तुला नावाचा अर्थ माहितीये का, नेड?”

“तलवार-बिलवार काहीतरी असेल.”

“करंटा.”

“काय?”

“करंटा! अभागी! पहिला जो नॉर्मंडीहून इथे उतरला ना, त्याला सोबत्यांनी लावलेलं टोपणनाव. बहुतेक उतरतानाच पाण्यात पडला असेल.”

इतका हसलो की मांजर पळालं. आठशे वर्षं लोक त्या घराण्याला करंटे म्हणून हाक मारतायत आणि ते ऐटीत ‘ओ’ देतायत!

“हसू नकोस, तुझंही तेच नाव,” मास्तर म्हणाले. मग गंभीर झाले. “उच्चाराचं म्हणशील तर मेजर चुकतोय. त्या काळी शब्दाचं शेपूट तोंडात वाजायचं. गिळायची फॅशन मागाहून आली, पॅरिसकडची. त्याचा कुणीतरी आजोबा ती ट्रंकेत घालून घेऊन आला. तुम्ही चुलीपाशी बसून जुनंच म्हणत राहिलात. पण दफनभूमीच्या समितीकडे दाद मागायची तर तोंडी चालणार नाही, दगड लागेल. आत, वेलीखाली, सर्वांत जुनी शिळा आहे. मी लहानपणी फटीतून पाहिलीये.”

२१ फेब्रुवारी

किल्ली नाही तर नाही. वखारीतली शिडी आहे!

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मास्तर आणि मी भिंत चढलो. मास्तर सत्तरीचे, पाय लटपटत होते, पण तोंड चालू – “नेड, मी मेलो तर बाहेरच पुर, माझी अडचण नको.” वेल कापली. शिळेवर कागद पसरून काळा खडू घासला. एकेक अक्षर वर येत गेलं. कोरणारा इथलाच कुणी असणार, कानाला लागलं तसं कोरलंय त्याने. शेवटी क आणि स, दोन्ही ठसठशीत.

रिक्स!

बापाचा कोट आठवला. खडूने हात काळे होते, ते तसेच तोंडाला लागले. मास्तर दुसरीकडे बघत राहिले.

५ मार्च

दफनभूमीच्या समितीसमोर जिंकलो.

मास्तरांनी कागद टेबलावर उलगडला. मेजर चष्मा लावून बराच वेळ वाकून बसला. मग एवढंच बोलला, “यावरून हा माणूस आमच्या रक्ताचा ठरत नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “नियमात रक्त नाही, मेजर. नाव आहे. तुम्हीच तर सांगत होता.”

बाहेर पायरीवर त्याने किल्ली माझ्या हातात टाकली, भिकाऱ्याला टाकावी तशी.

“बायकोला विचारलंत?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“माझ्या बायकोला मी विचारलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तिनेच सांगितलं. ती समुद्रापलीकडे केंटला पुरलीये, तिच्या वडिलांशेजारी.” कुत्र्याला शीळ घालून चालू लागला.

जाता जाता डंख मारायची सवय! हरला तरी विष जात नाही.

६ मार्च

किल्ली नॅन्सच्या तळहातावर ठेवली. महिनाभर मनात होता तो क्षण.

“गंजलीये,” ती म्हणाली.

“तेल लावू. आत दक्षिणेची जागा आहे, ऊन येतं. दगडावर काय कोरायचं तेही ठरवलंय.”

“काय?”

“नॅन्स मॅलरिक्स.”

“ती कोण?”

मला वाटलं तापात बोलतेय. कपाळाला हात लावला, गार होतं.

“एकतीस वर्षं झाली लग्नाला,” ती म्हणाली. “या गावात मला त्या नावाने कुणी हाक मारलीये? सांग, एक माणूस सांग. दुकानात, विहिरीवर, तुझ्या वखारीत?”

वखारीच्या फाटकातून रोज येणारी आरोळी कानात आली – मालक, नॅन्स स्कॅलन डबा घेऊन आली! आमच्या भागात बायकांना मरेपर्यंत माहेरच्याच नावाने हाक मारतात. मीही तिच्यामागे तिचा विषय काढतो तेव्हा तसंच म्हणतो. गावात सुई पडली तरी मला ऐकू येते असं लोक म्हणतात!

“मोगला बोलव म्हणून मी तीनदा सांगितलं,” ती म्हणाली. “आई आहे तिथे जायचंय मला, स्कॅलनांच्या जागेत. धक्क्याच्या वरच्या अंगाला. बोटी दिसतात तिथून.”

“आणि मी?”

“तुला जागा मिळाली ना. भांडून मिळवलीस.”

७ मार्च

मोगला बोलावलं.

२८ मार्च

काल तिला पोहोचवलं. आईच्या शेजारी, वाऱ्यावर. पेटी माझ्या फळ्यांची. दगडावर नॅन्स स्कॅलन. मेजर आला होता, कुंपणाबाहेर टोपी काढून उभा.

सगळे पांगल्यावर मोगला विचारलं, तिच्या डाव्या हाताला जागा दिसते, माझ्यासाठी ठेवशील का? त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाईट वाटून, मनापासून.

“आमच्यात नाव बघतात, नेड.”