शतावरीचा चोथा

५ ऑक्टो.
प्लेट कोरीच. तिसऱ्यांदा. कारखान्यात काढे गाळून उरलेला सगळ्या औषधींचा चोथा उकळला, त्याचं पाणी कुकरमध्ये निर्जंतुक केलं, घट्ट व्हायला आगर घालून प्लेटीत ओतलं, वर हरभऱ्याच्या मुळांवरचे, पिकाला नत्र पुरवणारे जिवाणू सोडले. विकतच्या मिडियाऐवजी, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याऐवजी, हा फुकटचा चोथा चालावा एवढीच आशा. एकही वाढेल तर शपथ! मालक म्हणाले, "मॅडम, तुमचं काम काढा तपासायचं. आता एकदाच बघा, मग हा नाद सोडा."

६ ऑक्टो.
हौसाक्का! कारखान्यातली भांडी धुणं, चोथा मागं नेऊन ओतणं, सगळं तिच्याकडं. मी डोकं धरून बसलेले. म्हणाली, "पोरी, सगळं एकात कशाला कालवालीस? निंब-हळदीच्या ढिगात गांडूळ बी फिरकत न्हाय. शतावरीच्यात हात घाल की, वळवळतंय नुसतं!"
घातला हात. खरंच वळवळत होतं.
निंब, हळद. जिवाणू मरणारच ना. एम.एस्सी. म्हणे मी! लाज वाटली, हसूही आलं.

७ ऑक्टो.
नुसती शतावरी. आठ प्लेटी. हौसाक्कानं पिंप वेगळं काढलं, "ह्यात दुसरं कुणी टाकलं तर बघतेच".

११ ऑक्टो.
उगवलं!!! आठच्या आठ. पांढरट, चिकट ठिपके, दवाच्या थेंबांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, माझेच जिवाणू. विकतच्या महागड्या मिडियावर वाढतात तेवढेच दाट, निदान डोळ्यांना तरी.
मी ओरडले. हौसाक्का ओल्या हातानं पळत आली, "कोण पडलं?" दाखवलं. "एवढंच व्हय? दह्याच्या कवड्या दिसत्यात." पण प्लेट काही खाली ठेवेना.

१३ ऑक्टो.
मालक खूश. या शोधाचा कागद करू, त्यावर तुमचं नाव घालू म्हणाले. "आणि हौसाक्काचं?" हसले. "ती चोथा ओतते, मॅडम."
मी 'बरं' म्हटलं. का म्हटलं?

१९ ऑक्टो.
गडमुडशिंगी गावात, हौसाक्काचं रान. निम्म्या हरभऱ्याच्या बियाण्याला आपले जिवाणू चोळले, निम्मा तसाच. तिनं स्वतः पेरलं. न राहवून मालकांचं बोलणं सांगितलं. ओंजळ थांबली. "त्यास्नी गांडुळं कुणी दावली, ते सांगितलंस न्हवं?"
नव्हतं सांगितलं.

२६ ऑक्टो.
दोन्हीकडं कोंब, सारखेच. जिवाणू लागले तर मुळांना गाठी येतात, त्या दिसायला अजून काही आठवडे. उपटून बघायला हात शिवशिवतात, हौसाक्का ओरडते.
मालकांचा कागद आला. शोध लावणाऱ्याच्या नावाला एकच रकाना. दोन नावं लिहिली, हौसाक्काचं वर. शाईनं. उद्या सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवणार. काय म्हणतील कोण जाणे, पण भारी वाटतंय.