चाळीस निरोगी माना

कोपरखैरणे,
१२ जुलै १९९६

तीर्थस्वरूप मामांस ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर माझा अर्ज नामंजूर झालाय आणि मला सगळ्यांचा राग आलाय.

आबांच्या हातांचं तुम्हाला आईने कळवलं नसेल. हल्ली सदऱ्याची बटणं तीच लावून देते. आबांना विचारलं तर म्हणतात, बटणंच बारीक यायला लागलीत. तीस वर्षं क्विंटलचं पोतं मानेवर घेतलंय त्यांनी, आधी मशीद बंदरला आणि धान्य मार्केट वाशीला आल्यापासून इथे. बोटांना मुंग्या येतात ते मानेच्या मणक्यामुळे. हे मी नेरूळच्या कॉलेजात मुलांना रोज शिकवते, फिजिओथेरपीची लेक्चरर म्हणून. घरातली मान मात्र मला हात लावू देत नाही.

त्यांच्या टोळीच्या मुकादमांना भेटले. ते म्हणाले, पोती अर्ध्या वजनाची भरा असं आम्ही व्यापाऱ्यांना दहादा सांगितलं, पण हमालाच्या तोंडाला कोण विचारतो? क्विंटलने मानेचं काय होतं ते शिक्क्याच्या कागदावर आण, मग मी त्यांच्या पेढीवर जाऊन बसतो. म्हणून मुंबईच्या अनुदान समितीकडे संशोधनासाठी अर्ज केला. एक्स-रे, ताकद मोजायचं यंत्र, एक मदतनीस, एवढीच मागणी होती. दीड पानात स्वच्छ लिहिलं की पोत्याने मान किती झिजते आणि अर्ध्या पोत्याने किती वाचेल ते मला माहीत नाही, ते शोधायचंय. उत्तर आलं, 'उद्दिष्टे संदिग्ध, निष्कर्ष अनिश्चित.' अहो मामा, निष्कर्ष निश्चित असता तर संशोधन कशाला केलं असतं मी?

तुम्ही एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होता. हजारो अर्ज तुमच्या हाताखालून गेले. अर्जाची नक्कल सोबत पाठवतेय, घोडं कुठे पेंड खातंय ते सांगा. आबांची नोकरीची चार वर्षं राहिलीत. मान तेवढी टिकेलसं मला वाटत नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्यातला थोडा या अर्जाकडे वळवावा.
तुमची,
ज्ञानेश्वरी


मेढा, जि. सातारा,
२३ जुलै १९९६

चि. ज्ञानेश्वरीस कृष्णातमामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा अर्ज तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच मी ओळखलं, हा नामंजूर होणार. अगं, अर्ज वाचून साहेबाला रडू यायला लागलं तर तो सही कशानं करील?

तू शिकलीस पुष्कळ, पण अर्जाच्या बाबतीत अजून बिगरीत आहेस. दीड पानाचा अर्ज आमच्याकडं चहाच्या कपाखाली जायचा. फाइल उचलताना मनगट लचकलं पाहिजे. आणि 'मला माहीत नाही' असं कुठं लिहितात का येडे? ज्याला माहीत नाही त्याला सरकार काडी देत नाही. ज्याला सगळं माहीत आहे त्यालाच शोधायला पैसे मिळतात. तू 'हमाल', 'पोतं', 'मान' असले शब्द घातलेस. ते सगळ्यांना समजतात, म्हणून सगळे आक्षेप घेतात. 'भारवाहक', 'ऊर्ध्वभार' आणि 'ग्रीवा' लिही. मग आपलं अज्ञान उघडं पडायच्या भीतीनं कुणी तोंड उघडत नाही. हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

समितीचं माहितीपत्रक मागव. त्यात जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, सर्वंकष म्हणा, बहुआयामी म्हणा, ते फोडणीत मोहरी टाकावी तसे पानोपानी टाक. परदेशी पुस्तकांची यादी जोड. वाचली नसलीस तरी चालेल, त्यांनीही वाचलेली नसतात. प्राचार्यांचं शिफारसपत्र घे. पाच प्रती कर, स्पायरल बाइंडिंग कर आणि वर पारदर्शक कव्हर घाल.

दाजींना माझा रामराम सांग. हट्टी माणूस आहे म्हणावं. आक्कानं बटणं लावून लावून त्यांना लाडावून ठेवलंय.

आमच्यावरची माया आहे तशीच असू दे.
तुझा,
कृष्णातमामा


कोपरखैरणे,
४ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

तुमच्या कृपेने अर्ज चौऱ्याऐंशी पानांचा झाला. नाव ठेवलं 'भारवाहक मनुष्यबळाच्या ग्रीवेवरील ऊर्ध्वभाराचा सर्वंकष व बहुआयामी अभ्यास'. आबांनी हातात घेऊन अंदाज केला की दीड किलो भरेल, आणि विचारलं की हे कुणाबद्दल आहे. मी म्हटलं, तुमच्याबद्दल. ते बराच वेळ कव्हरवर हात फिरवत होते.

मुलाखतीला बोलावणं आलं. पाच जण होते. पहिल्यांनी विचारलं, यावर परदेशात काय काम झालंय? मानेवरच्या पोत्यावर काहीच नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग विषय महत्त्वाचा नसणार. मी घाईघाईने डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायकांवरचा एक निबंध आठवून सांगितला. त्यावर दुसरे म्हणाले, काम झालंच आहे तर तुम्ही परत कशाला करताय? तिसऱ्यांना डुलकी लागली होती. जागे झाल्यावर त्यांनी 'बहुआयामी' या शब्दाची स्तुती केली. चौथे हाडांचे मोठे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, मान पोत्याने दुखते की उशीने, हे कशावरून ठरवणार? हमालांची उशी कशी असते? मी म्हटलं, आमचे आबा गोणपाटाची घडी घेतात. त्यांनी लगेच लिहून घेतलं, 'उशी, गोणपाट, धोकादायक.' पाचव्यांनी सगळी बिस्किटं संपवली.

आता सुधारून परत द्या म्हणतात, दोन महिन्यांत. काल आबांच्या हातून चहाचा ग्लास पडला. ग्लास निसरडा होता म्हणे. आईने फरशी पुसली. मामा, मला उशीवाल्या डॉक्टरांना एक पोतं नेऊन द्यावंसं वाटतंय, डोक्यावर घ्या म्हणावं आणि या वाशी पुलावरून चालत.

आशीर्वाद असू द्यावा आणि उत्तर लवकर लिहावं.
तुमची,
ज्ञानेश्वरी


मेढा,
१५ डिसेंबर १९९६

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. वि. वि.

पोतं-बितं काही न्यायचं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे लक्षात ठेव. सही होईपर्यंत समिती म्हणजे आपले मायबाप.

उशीवाल्याचा तोडगा मी काढलाय. अर्जात अट घाल, 'मानेची कोणतीही तक्रार नसलेले चाळीस भारवाहक निवडण्यात येतील.' त्यांची आज तपासणी आणि वर्षानं परत तपासणी. फरक पडला तर तो पोत्याचा, कारण उशी तू देणार आहेस. हो, सगळ्यांना एकसारख्या चाळीस उशा माग. 'प्रमाणित ग्रीवाधार' असं लिही. आपली सूचना मान्य झाली हे पाहून डॉक्टर विरघळतोय का नाही बघ.

आणि गंमत सांगतो. 'तक्रार नाही' हे दोन शब्द दिसले की कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर कळा येते. एकतीस वर्षांत तसा एकही कागद माझ्या टेबलावर अडलेला मला आठवत नाही.

दाजी या अटीत बसणार नाहीत, ठाऊक आहे मला. त्यांना अर्जात बसवायचंच नाही. कागद झाला की फायदा त्यांना आहेच. उगाच मन खाऊ नकोस.

लोभात कसूर नसावी.
तुझा,
कृष्णातमामा


कोपरखैरणे,
९ मे १९९७

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग, आणि साष्टांगच! वि. वि.

मंजूर! एक्स-रे, यंत्र, मदतनीस आणि चाळीस प्रमाणित ग्रीवाधारांसकट मंजूर! उशा तर अनुदानाच्याही आधी आल्या. कॉलेजात ठेवायला जागा नाही म्हणून आमच्या खोलीत छतापर्यंत रचल्यात. सोसायटीतल्या बायका विचारतात की लग्न ठरलं का.

आणखी नवल म्हणजे आबा. कधी कुणाला घरचं सांगत नाहीत, ते स्वतः पेढे घेऊन टोळीकडे गेले. पोरीचा कागद पास झाला, तिला आता चाळीस चांगल्या माना पाहिजेत, असं सगळ्यांना सांगून आले. येताना इतके ताठ चालत होते की मी गॅलरीतून बघतच राहिले. त्या अटीचं मनात थोडं खुपत होतं, पण एवढा आनंद पाहून मी काही बोलले नाही.

जूनच्या शेवटी तपासणी. मामींचं मेतकूट पोचलं, अर्धं संपलंसुद्धा.

असाच लोभ वाढता असो.
तुमची,
ज्ञानेश्वरी


कोपरखैरणे,
१७ जुलै १९९७

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी मार्केट बंद होतं. गाळ्यापुढे बाकडं टाकून बसले. टोळीतले पंचेचाळीस जण आंघोळी करून, धुतलेल्या टोप्या घालून रांगेत उभे. आबा एका लग्नाला गेले होते. मी प्रत्येकाला विचारलं, मान दुखते का, हाताला मुंग्या येतात का, रात्री झोप लागते का? पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जणांनी सांगितलं, काही तक्रार नाही. कुणाची वीस वर्षं झालेली, कुणाची पंचवीस. एकाने जन्मात मान दुखली नाही म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे बघायला तो कमरेपासून सबंध वळला, कारण मान वळतच नव्हती.

सोमवारी कॉलेजातून आकडे समितीला कळवले आणि लगेच सचिवांचा फोन. इतके खूश, की पहिला तक्ता लगेच छापू म्हणाले. कष्टाने शरीर कसं सुदृढ राहतं याचा पुरावाच मिळाला. हा कागद व्यापाऱ्यांच्या हातात पडला तर क्विंटलचं पोतं कायमचं! धावत मुकादमांकडे गेले. तेही रांगेत उभे राहून खोटंच बोलले होते. ते म्हणाले, आपल्या मानेपायी शहाजीच्या पोरीचा कागद अडायला नको, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी सगळ्यांना परत बोलावलं, हात जोडले, खरं सांगा म्हटलं. एक हलेना. तेवढ्यात आबा येऊन बाकड्यावर बसले. माझ्या यादीत नाव नसताना! आणि सगळ्यांसारखंच म्हणाले, काही तक्रार नाही. मी म्हटलं, सदऱ्याचं वरचं बटण लावून दाखवा. ते लावायला लागले. मामा, टोळीतले सगळे बघत होते. बोटं काजावरून घसरायची, ते परत धरायचे. मग हळूच मला म्हणाले, तुझा कागद पास झालाय बाळा, माझ्यापायी नापास करू नको.

मी रडले. भर मार्केटात ओरडून रडले. म्हटलं, मला कागद नको होता, तुमची मान हवी होती. आणि त्यांच्या फॉर्मवर लिहिलं, तक्रार आहे. ते दोन शब्द त्यांनी वाचले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, कुठे दुखतं, कसं दुखतं. अकरा वर्षं दुखतंय. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. त्यांचं ऐकून मागचा पुढे आला, मग त्याच्या मागचा. संध्याकाळपर्यंत सगळे फॉर्म बदलले. चाळीस निरोगी माना सोडा, एकही मिळाली नाही.

समितीला तसं कळवलं. आठ दिवसांत उत्तर! इतकं चपळ काम त्यांनी कधी केलं नसेल. 'पात्र नमुना उपलब्ध नसल्याने प्रकल्प रद्द. यंत्र व उशा परत कराव्यात.' मुकादम सगळे फॉर्म घेऊन व्यापाऱ्यांकडे जाऊन बसले. ते बघू म्हणालेत. काय बघतील, देव जाणे.

पण आबांनी काल स्वतः सांगितलं, माझा अर्ज लिही. वजनकाट्यावरच्या हलक्या कामासाठी. ते बोलले तेवढंच मी लिहिलं, 'माझी मान अकरा वर्षं दुखते. पोतं आता उचलवत नाही. काट्यावरचं काम द्यावं.' खाली त्यांनी सही केली, वाकडी आलीय. कच्चा म्हणून सोबत पाठवतेय. ऑफिसात द्यायचा आहे, तर काय वाढवायचं, कुठले शब्द घालायचे, ते तुम्ही बघा.

माया असावी.
तुमची,
ज्ञानेश्वरी


मेढा,
२४ जुलै १९९७

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. निरोगी मानेची ती अट माझी. तू घालत नव्हतीस, मी घालायला लावली.

गावोगावहून 'तक्रार नाही' असे कागद यायचे आणि मी सही ठोकायचो. लोक सुखात आहेत, असं मला खरंच वाटायचं गं. काल तुझ्या मामीनं विचारलं, असे किती कागद असतील? मला जेवण गेलं नाही.

येत्या मंगळवारच्या सकाळच्या एसटीनं मी येतोय. ऑफिसात दाजींबरोबर मी जाईन. नाहीतर खिडकीपाशी गेल्यावर तो माणूस परत म्हणेल, काही नाही, सहज आलो होतो. आक्काला सांग, मी आल्यावर चार दिवस हलणार नाही.

दाजींचा अर्ज लाल पेन घेऊन सगळी दुपार वाचला.

तुम्हां सर्वांचा,
कृष्णात

सोबत : शहाजीरावांचा अर्ज, ओळी तीन. दुरुस्ती नाही.