डोळे मिटून हैदराबाद

बाबा,

आज आमच्या शाळेत शनिवार होता, म्हणजे दप्तराला सुट्टी आणि गावाला शाळा. मी आता मारेगावकडच्या एका लहानशा शाळेत शिकवते. दर शनिवारी कोणाची आई नाहीतर बाप येऊन मुलांना आपल्याजवळचं काहीतरी दाखवतात. यायच्या आधी मात्र प्रत्येक जण मला ऐकवतो, "बाई, मले का येते? मी का शिकवू?" मला हसू येतं. हे वाक्य मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं, पांढरकवड्याच्या आपल्या घरात, चुलीपुढे. मी तिसरीत होते. तुम्ही सदा ट्रकवर, घरी आलात की झोपलेले. आमच्या बाईंनी भूगोलाच्या तासाला तुम्हालाच बोलवायचा हट्ट धरला होता, आणि माझा हट्ट त्यांच्याहून मोठा. शेवटी आलात. खडू हातात घेऊन फळ्यापुढे उभे राहिलात, एक आडवी रेघ ओढलीत. मग खडू बाईंना परत दिलात आणि म्हणालात, "चला रे पोट्टेहो, गाडीत बसा."

मैदानात ट्रक उभा आहे. आम्ही सगळे मागे दाटीवाटीनं बसलोय, सरकीचा वास येतोय. "आता सारे डोळे मिटा, हैदराबादले जाऊ. उघडले त गाडी थांबून जाईन." इंजिन तुम्ही चालूच केलं नाही, मागेच आमच्यासमोर उभे राहिलात, तरी आम्ही निघालो. "हा पैनगंगेचा पूल. गार लागून राह्यलं ना? आता घाट आहे, एकमेकाले धरा." सगळा वर्ग एका अंगाला कलला. "हा हळदीचा बाजार आला, वास येते का?" "येते!" हैदराबाद यायच्या आत काही जण खरंच झोपी गेले. घरी जाताना तुम्ही विचारलंत, "तुले का का दिसलं वं?" मी म्हटलं, "सगळं."

आज एका मुलीचा बाप आला होता, बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. लग्नसराईभर तो घरी नसतो. त्यानं मुलांना सांगितलं, "डोळे मिटा, अन् वरात कुठी पोचली ते सांगा." वाजवत वाजवत तो वर्गातून व्हरांड्यात गेला, तिथून मैदानात. सूर बारीक होत गेला, आणि मुलं मिटल्या डोळ्यांनी कुजबुजली, "हापशीपाशी!" तेवढ्यात एकीनं चुगली केली, "बाई, ही डोळे नाई मिटून राह्यली!" त्याचीच लेक. खिडकीतून बापाकडे टक लावून बसलेली. घाबरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे."

हे पत्र टाकायचं नाहीच. तुम्ही होतात तेव्हाही तुमचा मुक्काम कुठे ते आम्हाला कधी कळलं नाही, आता तर तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. पण बाबा, त्या दिवशी मला पूल दिसला नाही, घाटही दिसला नाही. मी डोळे मिटलेच नव्हते. तुम्ही एवढा वेळ जागे, माझ्यासमोर उभे होतात. मी तुम्हालाच बघत होते.