चिनीमातीची चुंबळ

आये, आज मला फार राग आलाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगावा ते सुचत नाही. मी शिकवते त्या शाळेतल्या बायांबरोबर एका राजवाड्याच्या बागेतलं प्रदर्शन बघायला गेले होते. अंगावर ल्यायच्या वस्तू चिनीमातीत घडवलेल्या. हिरवळीवर उभी चोळी, कारंज्याच्या काठावर वाळत घातल्यासारखा पदर, आंब्याखाली काढून ठेवलेल्या वहाणा. मी कौतुकानं बघत होते. मग काचेच्या पेटीत चुंबळ दिसली. फाटक्या लुगड्याला पीळ देऊन डोक्यावरच्या ओझ्याखाली तू ठेवायचीस, तशीच. फक्त हिला वरून सोनेरी झिलई, आणि खाली पाटी: ‘श्रमाचा मुकुट’.

मुकुट! तुझ्या टाळूवरचे केस गेले होते त्या मुकुटापायी. दिवाळी झाली की सिद्धगडाखालचा आपला पाडा सोडून आपण आटगावकडच्या वीटभट्टीवर जायचो, आणि पाऊस पडेपर्यंत तू विटा वाहायचीस. एका सकाळी मुकादम माझ्याच डोक्यावर चुंबळ ठेवतो, वर विटा रचायला लागतो. म्हणतो, “पोरगी मोठी झाली की गो तुझी.” तू येतेस, विटा खाली ढकलतेस, चुंबळ उचलून पेटत्या भट्टीत फेकतेस. “हिच्या डोक्यावर ईट नाय. ही साळंत जाईल.” तो शिव्या देत मागे आला, तू वळून बघितलं नाहीस. माझा हात धरलास तो खर्डीकडच्या आश्रमशाळेच्या दारात सोडलास, आणि एकटी परत त्याच भट्टीवर गेलीस. जायला दुसरं होतं काय आपल्याला?

पेटीजवळ उभ्या असलेल्या मुलीला मी हे सगळं सांगून टाकलं. ती धावत जाऊन चुंबळ घडवणाऱ्या बाईंना घेऊन आली. बाईंनी ऐकलं, त्यांचे डोळे भरले. “किती सुंदर गोष्ट आहे! पाटीवर लिहू का? आईचं नाव काय तुमच्या?”

“गोष्ट नाय ती,” मी म्हटलं, “आन् नाव नाय देणार. मुकुट असता तर तिनं जाळला असता का?” माणसं वळून बघायला लागली. बरोबरच्या बाया माझा हात ओढत होत्या. मुलांना शुद्ध बोला म्हणून सांगणारी मी, पण रागात तोंडून आपलीच बोली येत होती.

“मग काय लिहू?” बाईंनी हळूच विचारलं.

“चुंबळ लिवा. तिला तिचं नाव हाय.”

त्यांनी पाटी काढून घेतली. मी निघेपर्यंत तरी नवी लावली नव्हती.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद कुठे धाडणार? शिवाय तुला वाचता कुठे येत होतं. पण एक गोष्ट बरोबरच्या बायांनाही सांगितलेली नाही. निघताना त्या चहाला थांबल्या, तेव्हा मी एकटीच पुन्हा त्या पेटीपाशी जाऊन आले. चुंबळ चांगली केली होती गो त्या बाईनं.