गार्थच्या पुढची स्टेशनं

मंगळवार, ८ मे

आज घरात थांबलो नाही. सकाळच्या गाडीला हात केला (आमच्याकडे हात केल्याशिवाय ती थांबत नाही) आणि पुढच्याच स्टेशनावर उतरलो. सिल्मेरी. अडुसष्ट वर्षं गार्थमध्ये काढली, पण सिल्मेरीला कधी पाय ठेवला नव्हता. गाडीतून दिसतंच की — मग उतरायचं कशाला!

मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. आमच्या मेंढ्या विकून टाकल्या तरी मी आणि इदवल दर मंगळवारी जायचो. कठड्याला रेलून दुसऱ्यांच्या मेंढ्यांना नावं ठेवायचो. आता इदवल नाही. नाही म्हणजे आहे — तिकडे खाली, अमनफर्डला. चौसष्टाव्या वर्षी लग्न केलं धाकट्यानं. डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत भेटली म्हणे ती, मोरफिड नाव. एप्रिलमध्ये गेला, एक सुटकेस घेऊन. मी फलाटापर्यंत गेलो होतो. "कुलूप नीट लागलंय का बघ," एवढंच म्हणालो.

सिल्मेरीला वेल्सच्या शेवटच्या राजपुत्राला जिथं मारलं तिथं एक उंच दगड उभा केलाय. कुणीतरी पायाशी डॅफोडिलची फुलं ठेवून गेलेलं, पार वाळलेली. एक कुटुंब आलं, त्यांचा फोटो काढून दिला. बाई म्हणाली, "तुमचाही काढू का?" मी नको म्हणालो. दाखवायचा कुणाला?

परतीच्या गाडीला फार वेळ होता. दगडाला टेकून बसून राहिलो.

रविवार, १३ मे

इदवलचा फोन. पाऊस आहे का? आहे. इकडेही आहे. बरं. मागून ती कुणाशी तरी हसत होती.

सिल्मेरीचं सांगितलं नाही. त्याला वाटायचं, ह्याला घरात करमत नाही.

मंगळवार, २२ मे

डोलाय. तिथल्या बायकांनी स्टेशनाची बाग करून ठेवलीय. फलाटावर एवढी फुलं की गाडी उगीच मध्ये आल्यासारखी वाटते. मी नुसता बघत उभा होतो, तर एकीनं हातात खुरपं दिलं. "उभेच आहात तर हा वाफा काढा." काढला. नंतर चहा, तव्यावरचे मनुकांचे केक.

एक म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "प्रोबर्टांपैकी ना तुम्ही? दुसरा कुठाय?"

सगळे हेच विचारतात. चर्चमध्ये, पोस्टात. आम्ही दोघं म्हणजे जणू एक जोडी बूट. "लग्न झालं त्याचं," म्हणालो. "अगंबाई," ती म्हणाली, "मग तुम्हाला कोण बघतं?"

मला काय बघायचंय? मला स्वयंपाक येतो. इदवलपेक्षा बरा येतो.

शुक्रवार, २५ मे

बटाटे पुन्हा दोघांचे सोलले.

मंगळवार, ५ जून

लॅनवर्टिड. इथं गंधकाचा झरा आहे, कुजक्या अंड्यांचा वास. जुन्या काळी एका आजारी पाद्र्यानं त्यातला बेडूक टुणटुणीत बघितला, म्हणून स्वतः प्यायला आणि बरा झाला म्हणतात. पुढे लोक गाड्या भरभरून यायचे. आता झऱ्याशी मी एकटाच. ओंजळभर प्यायलो. काही बरं-बिरं वाटलं नाही, दिवसभर ढेकर मात्र आले.

ह्यावर इदवलनं काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे, इथं लिहिण्यासारखं नाही. एकटाच हसलो. पुलावरच्या माणसानं वळून बघितलं.

रविवार, १० जून

फोन. इकडे ऊन. तिकडेही ऊन. मग इदवल म्हणाला, "तू बरा आहेस ना?" मी म्हणालो, "मला काय धाड भरलीय?" त्यानं गटार तुंबतंय का विचारलं. नाही म्हणालो.

मंगळवार, २६ जून

शुगर लोफला उतरायचंय म्हटल्यावर गार्ड शान तिकीट द्यायची थांबलीच. तिशीतली पोरगी, तोंडाची फटकळ. "तिथं काही नाहीये हो, एमलिन. घर नाही, दुकान नाही. संध्याकाळपर्यंत काय करणार?"

"डोंगर आहे ना."

"वर जाऊन पाय मुरगळला तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळून तरी काय?" मी म्हणालो. मी उतरल्यावर तिनं स्वतःच्या डब्यातलं सफरचंद दिलं.

खरंच कुणी नव्हतं. चढ उभा आहे. वर पोचलो तर सगळी दरी पायाखाली. हिरव्यात ओढलेली एक बारीक रेघ म्हणजे आपली रेल्वे, मग बोगद्यात गडप. दोन घारी खालून उडत होत्या — घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली, तांबूस, तकतकीत.

"इदवल, हे बघ," म्हणालो. मोठ्यानं.

एका मेंढीनं मान वर केली. मग तीही चरायला लागली. मी तिथंच बसलो आणि — असो. वारा फार होता, डोळ्यांत पाणी येत होतं.

मंगळवार, १७ जुलै

नायटन. गाव वेल्समध्ये आणि स्टेशन इंग्लंडमध्ये. त्याच्या आधी नक्लसचा पूल, त्याला किल्ल्यासारखे बुरूज. पुलाखालून चालत गेलो, बघायला मान पार मागे टाकावी लागते.

चहाच्या दुकानात पोरीनं विचारलं, "एकच ना?" एकच.

बुधवार, १८ जुलै

शेजारच्या हॅमरबाई अंडी द्यायला आल्या. "मंगळवारी कुठं असता हो हल्ली? आले होते तर चूलसुद्धा थंड." म्हणालो, कामं असतात. त्या म्हणाल्या, "बाईबिई आहे की काय? तुमच्या घराण्यात उशिरा येतं हे!" आणि हसत गेल्या. तासभर तरी घर बरं वाटत होतं.

मंगळवार, १४ ऑगस्ट

आज अमनफर्डचं तिकीट काढलं. शान नव्हती, नवा मुलगा होता, त्यामुळे काही विचारणं झालं नाही. काल केक केले होते, पिशवीत घेतले. भाऊ भावाकडे जातो, त्यात काय विशेष?

लँडोव्हरी गेलं. मग मनात यायला लागलं. दार ती उघडणार. "अरे, एमलिन!" म्हणणार, आणि इदवलकडे बघणार. जेवण पुरेल का ते बघणार. मी तिथल्या खुर्चीत बसणार, आणि इदवलला उठून मला त्याच्या घरात चहा द्यावा लागणार. त्याच्या घरात.

अमनफर्डच्या अलीकडेच, लँडायलोला उतरून गेलो. तिथं टेकडीवर पडका किल्ला आहे, खाली जमीनदारांच्या रानात पांढऱ्या गाई, काळ्या कानांच्या. कुंपणाशी बसून केक मीच खाल्ले. चार. उरलेले पक्ष्यांना.

गाई फार देखण्या होत्या, हे खरं.

रविवार, १९ ऑगस्ट

फोन. ऊन. गवत कापलं. त्यानंही कापलं. ती म्हणे त्याला गाण्याच्या मंडळात न्यायचं म्हणतेय. मी म्हटलं, तुझा आवाज त्यांनी ऐकलाय का? हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग फोन ठेवायची घाई केली मीच. का केली, काय माहीत.

मंगळवार, ११ सप्टेंबर

पेनीबॉंट. सगळा दिवस पाऊस. शेडमध्ये बसून राहिलो. आता उतरायला स्टेशनंही फारशी उरली नाहीत.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

औषधं आणायला लँड्रिन्डॉडला गेलो होतो. फलाटावर शान भेटली, ड्यूटी संपवून घरी निघालेली. ऑगस्टपासून तिला दुपारच्या गाडीवर टाकलंय. मला बघून म्हणाली, "काय, भाऊ भेटला का एकदाचा?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? दर मंगळवारी माझ्या गाडीत असतो तो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मी बाकावर बसलो. तीही बसली. सगळं नीट सांगायला लावलं तिला, दोनदा.

मंगळवारी अमनफर्डला चढतो. डाव्या खिडकीशी बसतो. गार्थ आलं, आमचं घर दिसायला लागलं की कपाळ काचेला टेकवतो. इथं लँड्रिन्डॉडला येतो, चहा घेतो, पुढच्या गाडीनं परत.

"मी म्हटलं त्याला, गार्थला थांबवू का गाडी? तर म्हणाला, नको. चुलीचा धूर नाही, म्हणजे तो घरात नाही. मी म्हटलं, मग आधी फोन करून या की! तर म्हणे, येतो म्हणून फोन केला तर त्याला वाटेल, मी तिकडे सुखात नाही."

"आहे का सुखात?"

"हेच विचारलं मी. म्हणाला, आहे ना, चांगला आहे. पण मंगळवार आहे."

शान माझ्या हातातली औषधाची पिशवी सारखी करत होती, उगीचच.

"तुम्ही दोघं," ती म्हणाली, "एका आईनं जन्माला घातलेली दोन खेचरं आहात."

रविवार, १६ सप्टेंबर

फोन. पाऊस आहे का? आहे. इकडेही आहे. मी सांगितलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. दोघांनीही फोन मात्र लवकर ठेवला नाही.

मंगळवार, १८ सप्टेंबर

सकाळची गाडी जाऊ दिली. दुपारच्या गाडीला हात केला. इदवल खिडकीशी होता. मला बघून उठायला लागला, टोपी पडली. मी म्हणालो, "बस, बस," आणि मीच चढलो. समोर बसलो. लँड्रिन्डॉडपर्यंत तो टोपी मांडीवर धरून होता. मग त्यानं डबा उघडला. सँडविचं दोघांची होती, दोन वेगळ्या कागदांत.

म्हणालो, "तुला काय माहीत, मी आज येणार?"

"मला कुठं माहीत होतं. मोरफिड दर मंगळवारी दोघांचंच देते."