वरचं कँटीन

सोमवार, ३ मार्च
झालं! नव्या मॅनेजरबाईंनी नोटीस लावली — पुढच्या महिन्यापासून कारखान्यात एकच कँटीन. साहेबलोक आणि कामगार एकत्र जेवणार. एकवीस वर्षं मशीनवर घासल्यावर आत्ता जानेवारीत मी सुपरवायझर झालो. वरच्या मजल्यावर जेवायला लागून जेमतेम दोन महिने. काचेचे ग्लास, पाठ टेकायला खुर्ची. आणि आता म्हणे सगळे सारखे!

मंगळवार, ४ मार्च
विरोधाचं निवेदन लिहिलं. ‘समानतेच्या नावाखाली कारखान्याची वर्षानुवर्षांची परंपरा मोडीत निघत आहे.’ वाक्य झकास जमलंय. पहिली सही माझी.
बायको इथेच पॅकिंगला आहे. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, “वर्षानुवर्षांची? डिसेंबरात तर तुम्ही खाली माझ्याशेजारी जेवत होतात.”
तिला राजकारणातलं कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च
सतरा सह्या. हिशेबनीस म्हणाले, खालच्या लोकांचा गोंगाट फार. स्टोअरकीपर म्हणाला, आज शेजारी बसतील, उद्या आपल्या खुर्चीत बसतील. मी जोरात मान डोलावली. मग दोघंही माझ्या खुर्चीकडे बघायला लागले. विषय हवापाण्यावर गेला.

सोमवार, १० मार्च
बायकोनं खाली उलटं निवेदन काढलंय — एकच कँटीन हवं म्हणून. दोनशेवर सह्या! घरात अबोला. जेवताना मीठ मागितलं, तर म्हणाली, लेखी द्या.

बुधवार, १२ मार्च
मॅनेजरबाईंच्याही वरच्या थोरल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा पाजला. तुमच्यासारख्या खालून आलेल्या माणसानं लिहिलं की वजन पडतं, म्हणाले. माझी छाती फुगली. मग सहज बोलावं तसं: “खरं तर बिघडलं केव्हा, आपण कुणालाही वर घ्यायला लागलो तेव्हा.”
मी म्हणालो, अगदी बरोबर साहेब.
जिना उतरताना अर्थ लागला. तरी निवेदन मागे घेतलं नाही. आता कुठल्या तोंडानं घेणार?

शुक्रवार, २१ मार्च
जिंकलो! बाईंची नोटीस रद्द. हिशेबनीसांनी पाठ थोपटली. बायकोला सांगायला गेलो, तर तिला आधीच कळलं होतं. “अभिनंदन,” म्हणाली आणि कपडे वाळत घालत राहिली. एकटाच बसून चहा प्यायलो. गार झाला होता.

सोमवार, २४ मार्च
बोर्डावर नवा आदेश. कर्मचाऱ्यांच्या मागणीनुसार जुनी पद्धत पुन्हा लागू. जुनी म्हणजे अगदी मूळची — ज्यांची भरती कामगार म्हणून झाली, त्यांनी हुद्दा कुठलाही असो, खालीच जेवावं. सोबत माझं निवेदन जोडलंय. सहीसकट.
ताट घेऊन खाली गेलो. बायकोनं एकदा वर पाहिलं. मग शेजारणीला म्हणाली,
“सरक गं जरा. आमचे आलेत.”